चक्कर वाचवणाऱ्या फुकट साइट: नागपूरकरांनी स्वतः वापरून पाहिलेल्या

बर्डीवाला

व्हॉट्सअ‍ॅपवर "उपयुक्त शंभर वेबसाइट" असा लांबलचक मेसेज दर थोड्या दिवसांनी फिरत येतो. त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या असतात आणि उरलेल्यांचा आपल्या कामाशी संबंध नसतो. आपल्याला लागतो तो उमरेडकडच्या शेतीचा सातबारा, बेसा-पिपळ्याच्या ले-आऊटमधल्या प्लॉटची खातरजमा, पोरीची हरवलेली गुणपत्रिका, आईचा हयातीचा दाखला, कळमन्याच्या बाजारातला आजचा भाव. यातल्या जवळजवळ प्रत्येक कामासाठी आपल्याच कराच्या पैशातून साइट उभी आहे. तरी तहसीलबाहेरच्या टेबलांवर लोक त्याच कामाचे पैसे मोजताना दिसतात, आणि ज्यांना ते पैसे जड जातात तेच जास्त दिसतात. म्हणून हा धागा काढला.

विनंती एवढीच की स्वतः वापरलेलीच साइट सांगा. काय मिळतं ते सांगा, आणि कुठे अडतं तेही सांगा. आलेला मेसेज तसाच पुढे ढकलू नका.

सुरुवात जमिनीपासून करतो. महाभूलेख (भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन) उघडली की आधी विभाग विचारतात. नागपूर विभागात आपल्यासोबत वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली येतात. मग जिल्हा, तालुका, गाव. पुढे भूमापन क्रमांक टाका, तो आठवत नसेल तर खातेदाराच्या नावाने शोधा. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि शहरातली आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), तिन्ही इथे पाहता येतात. मोबाइल नंबर विचारतात, पैसे लागत नाहीत.

अडतं कुठे? हा फुकटचा उतारा फक्त माहितीसाठी असतो, त्यावर सही नसते. बँकेत, कोर्टात किंवा अर्जासोबत द्यायचा असेल तर डिजिटल सहीचा सातबारा वेगळ्या पोर्टलवरून घ्यावा लागतो, त्याचे 15 रुपये पडतात. पटवाऱ्याकडे त्यासाठी जायची गरज नाही. पण आधी फुकटचा नीट वाचून घ्या: क्षेत्र बरोबर आहे का, इतर हक्कात कुणाचा बोजा, म्हणजे कर्ज वगैरे, आहे का, आणि वारलेल्या माणसाचं नाव अजून तसंच आहे का.

त्याच खात्याची महाभूनकाशा ही साइट आहे. गावाच्या नकाशावर आपला गट दिसतो, शेजारी कोण लागतो ते कळतं. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात हा नकाशा मोजणीची जागा घेत नाही, पण घरी बसून अंदाज घ्यायला फार चांगला आहे.

---

काटोलचा_बागवाला

भाऊ, चांगला धागा काढला. मी संत्र्यावाला माणूस, तर माझं सांगतो.

पहिलं, हवामान. टीव्हीवर "विदर्भात पाऊस" म्हणतात, पण विदर्भ केवढा मोठा! हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आपल्या नागपुरातच आहे, त्यांच्या साइटवर जिल्हावार अंदाज आणि रडारचं चित्र भेटते. ढग कुठून कुठं सरकून राहिले ते डोळ्यानं दिसते. फवारणी करायची का थांबायचं, हे मी त्यावरून ठरवतो. शिवाय मंगळवार-शुक्रवारी जिल्ह्याचं कृषी हवामान पत्रक निघते, त्यात पिकाचा सल्लाही असते. मेघदूत नावाच्या अ‍ॅपवर तेच मराठीत वाचता येते.

दुसरं, दामिनी अ‍ॅप. हे प्रत्येक शेतकऱ्याच्या, गुराख्याच्या, मजुराच्या मोबाइलमध्ये पाहिजे म्हणजे पाहिजे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं बनवलं. आपण जिथं उभे आहो त्याच्या 20 ते 40 किलोमीटरमध्ये वीज पडून राहिली का ते सांगते. आपल्याकडं दरवर्षी वावरात लोकं विजेनं जातात. बायाबापड्या निंदणाला असतात, पाऊस आला की झाडाखाली जाऊन उभ्या राहतात, अन् नेमकं तेच करायचं नसते. आमच्या बागेत आता ज्याच्या मोबाइलवर दामिनी आहे तो आवाज देते, सगळे पक्क्या घरात येतात. लोकेशन चालू ठेवा, नाही तर काही समजत नाही त्याला.

तिसरं, भाव. राज्य कृषी पणन मंडळाच्या साइटवर रोजचे भाव असतात: कळमन्यात किती आवक झाली, कमीत कमी काय भाव निघाला, जास्तीत जास्त काय अन् सर्वसाधारण काय. दिल्लीच्या अ‍ॅगमार्कनेटवर देशभरातल्या मंड्यांचे भेटतात. बागेत व्यापारी सौद्याला आला की तो नेहमी कालचा पडलेला भाव सांगते. आपण त्याच्यासमोर मोबाइल उघडला की बोलणं लगेच सरळ होते. पण एक ध्यानात ठेवा. जास्तीत जास्त भाव हा ढिगातल्या सगळ्यात चांगल्या मालाचा असते. सौदा सर्वसाधारण भावाच्या आसपास करायचा, नाही तर आपणच आपल्याला फसवतो.

लिंबूवर्गीय फळांची अन् कापसाची, दोन्ही केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहेत. त्यांच्या साइटवरचे सल्ले फुकट आहेत. संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी दुकानदाराला विचारण्याआधी तिथं पाहा.

---

मानेवाडा_ताई

बागवाले दादा, दामिनीचं आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर लगेच टाकते.

मी शिक्षिका आहे, माझी यादी मुलांची. ई-बालभारती सगळ्यांना माहीत असेल असं वाटतं, पण दर जूनमध्ये पालक पुस्तकासाठी दुकानं पालथी घालताना दिसतात. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ तिथे फुकट आहेत, मराठी, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू माध्यमाच्याही. मोमिनपुऱ्यात किंवा कामठीत कुणी ओळखीचं असेल तर मुद्दाम सांगा, उर्दूची पुस्तकं दुकानात उशिरा येतात अशी तक्रार मी तिथल्या पालकांकडून ऐकते.

त्याच बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 साली सुरू झालं. त्याचे जुने अंक स्कॅन करून फुकट ठेवले आहेत. माझ्या मते मराठीत मुलांसाठी इंटरनेटवर याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. जुनी चित्रं, कविता, विज्ञानावरचे लेख, कोडी, सगळं आहे. आठवड्यातून एक तास मी वर्गात प्रोजेक्टरवर एक जुना अंक उघडते आणि एकेक पान मुलांकडून मोठ्याने वाचून घेते. ज्यांच्या घरी पुस्तक येत नाही ती मुलं त्या तासाला सगळ्यात पुढे बसतात.

विज्ञानासाठी फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केला. विजेचं सर्किट जोडायचं, बल्ब पेटवायचा, लंबक झुलवायचा, सगळं स्क्रीनवर. बरेच प्रयोग मराठीत आहेत आणि एकदा डाउनलोड केले की इंटरनेटशिवाय चालतात. आमच्या शाळेत नेट जातं-येतं, तरी तास अडत नाही. आणि हाताने करायचं असेल तर अरविंद गुप्तांची साइट. काडेपेटी, सायकलची ट्यूब, स्ट्रॉ यांतून खेळणी कशी करायची याचे व्हिडिओ आणि मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे.

बर्डीवाले दादा, गुणपत्रिकेचं तुम्ही लिहिलंत म्हणून सांगते. दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी साइटवर थेट बोर्डाकडून येते. तिथे "जारी केलेली" आणि "अपलोड केलेली" असे दोन कप्पे असतात. बोर्डाकडून, आरटीओकडून आलेली ती जारी केलेली, तिला मूळ कागदाइतकंच मानायचं असतं. आपणच फोटो काढून टाकलेली ती अपलोड केलेली, तिला तो मान नाही. पालकांचा घोटाळा नेमका इथे होतो. लायसन्सचा फोटो डिजिलॉकरमध्ये टाकतात आणि चौकात पोलिसाला तोच दाखवतात.

---

कोर्टरोड

बर्डीवाला, जमिनीवर तुम्ही चांगलं लिहिलंत, पण खरी मौल्यवान साइट राहिली. मी वकिली करतो, म्हणून थोडं सविस्तर.

आपली चावडी. डिजिटल सातबाऱ्याच्या पोर्टलवरच आहे, लॉगिन लागत नाही. आपलं गाव निवडलं की तिथे सध्या कोणकोणत्या फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाच्या, नोटिसा निघाल्या आहेत ते दिसतं. खरेदी, वारस, बक्षीसपत्र, बोजा, सगळं. फेरफार मंजूर होण्याआधी हरकतीसाठी 15 दिवस असतात. गावाकडची जमीन आणि मालक नागपुरात, पुण्यात, अशी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. अशा घरातल्या बहिणींना भावांनी केलेली नोंद कैक वर्षांनी कळते, मग त्या माझ्याकडे येतात. तोपर्यंत तिसऱ्याला विक्री झालेली असते. महिन्यातून दोनदा चावडी पाहायची सवय लावली तर हे वेळेत कळतं. हरकत मात्र लेखी द्या, कारणासकट, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. तोंडी सांगून आलेल्या हरकतीला पुढे काही अर्थ उरत नाही.

ई-हक्क. वारस नोंद, मयताचं नाव कमी करणं, बोजा चढवणं-उतरवणं यांचे अर्ज घरून करता येतात. अर्जाला क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. वारस नोंदी राहून गेलेल्यांसाठी आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सुरू झालेली जिवंत सातबारा मोहीम 2025 च्या एप्रिलपासून राज्यभर नेली गेली. तोवर किती घरांनी हे काम टाळलं असेल याचा अंदाज त्यावरून येतो.

नोंदणी विभागाचा मोफत ई-सर्च. प्लॉट घेण्याआधी हे करायलाच हवं. जिल्हा, गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की त्यावर नोंदलेले दस्त आणि सूची दोन (इंडेक्स टू, दस्ताचा गोषवारा) दिसते. नागपुरात ले-आऊटमधला एकच प्लॉट दोघांना विकल्याची प्रकरणं कोर्टात येत राहतात, त्यातली कित्येक इथे अर्धा तास घालवला असता तर टळली असती. शोध कसा घ्यायचा यात एक खुबी आहे. दस्त लिहिणाऱ्याने जो क्रमांक टाकला त्यानेच तो सापडतो. म्हणून प्लॉट नंबर, खसरा नंबर, दोन्ही वेगवेगळे टाकून पाहा. आणि काही सापडलं नाही म्हणजे व्यवहार स्वच्छ, असं समजू नका. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च घेणं यामुळे टळत नाही. आरएल लेटर किंवा गुंठेवारीचा कागद (प्लॉट नियमित केल्याचा) विक्रेता दाखवत असेल तर तो ज्या कार्यालयाने दिला तिथून पडताळा. फ्लॅट किंवा नवीन स्कीम असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्प शोधा. मंजुरीची कागदपत्रं, पूर्ण करायची तारीख आणि तक्रारी तिथे सगळ्यांसाठी उघड्या आहेत.

ई-कोर्ट्स. प्रत्येक खटल्याला 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं, आदेशाची प्रत, सगळं दिसतं. नागपूर जिल्हा न्यायालयाचं या पोर्टलवर आहे, खंडपीठाचं मुंबई उच्च न्यायालयाच्या साइटवर. पक्षकारांनो, वकिलाकडे पहिल्याच दिवशी हा क्रमांक मागा. तो देण्यात कुठल्याही प्रामाणिक वकिलाला अडचण नसते.

आणि ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) साइटवर अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. हा फुकटचा वकील दुय्यम असतो हा समज काढून टाका, पॅनेलवर चांगले वकील आहेत.

---

उमरेडचा_पोट्टा

कोर्टरोड सर, आपली चावडी आताच उघडून पाहिली. आमच्या मौज्याची पूर्ण यादी दिसून राहिली. बाबांनाही दाखवली, ते तर वाचतच बसले.

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिलो. लायब्ररीत सोबतच्या पोरांना जे सांगतो ते इथं लिहितो.

शासन निर्णयांची सरकारी साइट सगळ्यात आधी. विभाग आणि तारीख टाकून कोणताही जीआर निघतो. "सरकारनं असं असं जाहीर केलं" असा मेसेज आला की मी त्याचा जीआर शोधतो. नसला तर गोष्ट अजून कागदावर आलेली नाही असं धरून चालतो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, फी माफी, सगळ्यात हे कामी येते. कॉलेजात "असं काही नाही" म्हटलं तर जीआर क्रमांक आणि तारीख अर्जात लिहून द्यायची, मग उत्तर लेखी येते.

लोकराज्य मासिक पीडीएफमध्ये फुकट आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं आहेत, 2003 पासून चालू आहे हा प्रकल्प. शिकणं फुकट, प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची असेल तरच फी लागते. इंजिनीअरिंगच्या पोरांनो, महागडे कोर्स घेण्याआधी त्याच विषयाचं एनपीटीईएल एकदा पाहा.

अजून एक, वेबॅक मशीन. इंटरनेट अर्काइव्ह नावाची अमेरिकेतली ना-नफा संस्था 1996 पासून वेबपानं जतन करून ठेवते. भरतीची जाहिरात आली की मी त्या पानाचा पत्ता तिथं टाकून साठवून घेतो, तारखेसकट. मागून पान बदललं, पात्रतेची ओळ गेली, तरी आधी काय होतं ते दाखवता येते. पाच मिनिटांचं काम आहे, अन् परीक्षेच्या वादात लई आधार होतो.

---

पाखरू

मी ग्रंथालयात काम करते. वाचनाच्या गोष्टी माझ्याकडून.

मराठी विश्वकोशाचे सगळे खंड ऑनलाइन आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला उभं केलेलं हे काम आता मोबाइलवर येतं, आणि तरी मुलं निबंधासाठी कुठल्याही ब्लॉगवरून उचलतात. वाईट वाटतं. दहा पानी अभ्यासपूर्ण नोंद फुकट समोर असताना चार ओळींची उसनी माहिती कशाला?

शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाचं डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालय. मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही तिथे शोधता येतात. वऱ्हाडी-नागपुरी शब्दही सापडतात. बागवाले दादांनी लिहिलेला "निंदण" तिथे टाकून पाहा.

नागपूरच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी 1908 चं नागपूर जिल्ह्याचं गॅझेटिअर वाचावंच. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन आहे. ते इंग्रजांनी राज्यकारभाराच्या सोयीसाठी लिहिलं आहे, जातींबद्दलची त्यातली भाषा आज वाचवत नाही, ते लक्षात ठेवूनच वाचायचं. पण त्या काळातली पिकं, बाजार, तलाव, 1877 ला सुरू झालेली एम्प्रेस मिल, हे सगळं तपशिलात आहे. राज्य सरकारने 1966 मध्ये काढलेलं गॅझेटिअर सोबत ठेवून वाचलं की साठ वर्षांत शहर कसं बदललं ते उलगडत जातं. पुढच्या अभ्यासासाठी शोधगंगा आहे. विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात, विदर्भावरचे मराठी प्रबंधही.

एक छोटी युक्ती. जुन्या मराठी पुस्तकाच्या पानाचा फोटो गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्सने उघडला की खाली टाइप केलेला मजकूर येतो. चुका होतात, जोडाक्षरांत जास्त, पण पूर्ण टाइप करण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि नावाला जागून, मर्लिन. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेचं फुकट अ‍ॅप. सकाळी अंबाझरीला किंवा गोरेवाड्याला उभे राहा, आवाज ऐकवा, पक्ष्याचं नाव सुचवतं. सुचवलेलं नाव डोळ्याने पाहूनच पक्कं करा आणि मग ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंदवा. तलावावर कोण येतं, कोण यायचं थांबलं, हे अशा साध्या नोंदींतूनच कळतं.

---

मेडिकल_चौक

दवाखान्याच्या कामाच्या कुणी लिहिल्या नाहीत. मी पेशंटच्या नातेवाइकांना मदत करणाऱ्या एका छोट्या गटात आहे, त्यामुळे या रोज लागतात.

ई-रक्तकोष: राज्य, जिल्हा, रक्तगट निवडला की कोणत्या रक्तपेढीत किती पिशव्या आहेत ते दिसतं. विदर्भात सिकलसेलचे पेशंट खूप आहेत, गडचिरोली-गोंदियाकडून माणसं नागपूरला येतात आणि अनोळखी शहरात रात्री रक्तासाठी फिरतात. त्यांना हा पत्ता कुणी तरी सांगायला हवा. मात्र आकडा ताजा असेलच असं नाही, निघण्याआधी रक्तपेढीला फोन करा.

जनऔषधी सुगम: औषधाचं मूळ नाव टाकलं की जनऔषधीतली किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं. बीपी-शुगरच्या कायमच्या गोळ्यांत फरक मोठा पडतो. डॉक्टरांना आधी विचारा, बहुतेक डॉक्टर मूळ नाव लिहून देतात.

मिहानच्या एम्सची ओपीडी ऑनलाइन नोंदणीने घेता येते, सरकारी ओआरएस साइटवरून. भंडाऱ्याहून पहाटे निघून रांगेत उभं राहण्यापेक्षा तारीख घेऊन या. साध्या दुखण्यासाठी ई-संजीवनीवर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, तेही फुकट.

आणि 14416, टेलिमानस, मानसिक त्रासात बोलण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. ही साइट नाही, फोन आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. शिकवणी वर्गांसाठी घर सोडून इथे राहणाऱ्या मुलांनी हा नंबर मोबाइलमध्ये ठेवावा. उमरेडचा_पोट्टा, तुमच्या लायब्ररीच्या फळ्यावर लिहाल का?

---

उमरेडचा_पोट्टा

लिहिला. फोटोही ग्रुपवर टाकला.

---

पेन्शनर_काका

मंडळी, सगळं छान आहे, पण माझ्या वयाच्या माणसाची अडचण वेगळी आहे. गूगलवर "पासपोर्ट" लिहिलं की पहिली जी साइट आली तिने माझ्या शेजाऱ्यांकडून दीड हजार घेतले आणि नुसता फॉर्म भरून घेतला. साइट अगदी सरकारी दिसत होती, अशोकस्तंभही होता. मग आम्ही ओळखायचं कसं?

---

बर्डीवाला

काका, फार महत्त्वाचं विचारलंत. वरच्या चित्रावर, झेंड्यावर, अशोकस्तंभावर जाऊ नका, ते कुणीही लावू शकतो. पत्त्याचा शेवट पाहा. जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन हे शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतात. सुरुवातीच्या एचटीटीपीएसच्या दोन रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे असतं तोच शेवट. "पासपोर्ट-जीओव्ही-इंडिया डॉट कॉम" असल्या नावात मध्ये जीओव्ही असलं तरी शेवट डॉट कॉमच आहे. पासपोर्टची खरी साइट पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन.

दुसरं, गूगलमध्ये सगळ्यात वर "प्रायोजित" लिहिलेलं असतं ती जाहिरात असते, तिच्यावर बोट लावू नका. एकदा योग्य पत्ता सापडला की मुलाकडून किंवा नातीकडून तो मोबाइलच्या मुख्य पडद्यावर ठेवून घ्या. मग शोधायचीच वेळ येत नाही.

सगळ्याच चांगल्या साइट सरकारी नसतात, हेही खरं. पण जिथे आधार, पॅन किंवा बँकेचा नंबर द्यायचा आहे तिथे या नियमाला अपवाद करू नका. फुकटात पीडीएफ जोडून देणाऱ्या, फोटो लहान करून देणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. आंब्याच्या लोणच्याची कृती तिथे टाकायला हरकत नाही, आधार कार्ड टाकू नका. त्या कामाला कॉम्प्युटरवर लिबरऑफिस पुरतं, तेही फुकट. आणि आधारची प्रत द्यावीच लागली तर माय आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे 4 अंकच दिसतात. लॉजला, भाड्याच्या खोलीला तेवढं पुरेसं आहे.

---

कोर्टरोड

शेजाऱ्यांना सांगा, पैसे खात्यातून गेले असतील तर 1930 वर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवा. फसवणूक नुकतीच झाली असेल तर आधी फोन, मग बाकी सगळं. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येते, आणि तिथे मिनिटांना किंमत असते.

संचार साथी ही साइटही काकांच्या वयाच्या सगळ्यांनी पाहावी. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत ते कळतं, आपलं नसलेलं तिथूनच कळवता येतं. मोबाइल हरवला तर पोलीस तक्रारीची प्रत जोडून तो फोनच बंद पाडता येतो, मग चोराला त्यात दुसरं सिम चालवता येत नाही. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. आजच स्टार-हॅश-06-हॅश दाबून तो कागदावर लिहून ठेवा, फोन गेल्यावर कुठून पाहणार?

---

पेन्शनर_काका

समजलं. शेजाऱ्यांना आज संध्याकाळीच सांगतो.

मग माझ्याकडूनही दोन. हयातीच्या दाखल्यासाठी जीवन प्रमाणचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप आहे, अंगठ्याचं यंत्र लागत नाही. सोबत आधार फेस आरडी नावाचं दुसरं अ‍ॅप टाकावं लागतं. खिडकीच्या उजेडात, चष्मा काढून बसायचं. आमच्यातल्या ज्यांचे अंगठे झिजलेत त्यांची यामुळे फार सोय झाली. केंद्राच्या 80 वर्षांवरच्या पेन्शनरांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टाळा. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला तर वर्षात केव्हाही द्या, त्या दिवसापासून एक वर्ष चालतो. घरी मदतीला कुणी नसेल तर पोस्टमन घरी येऊन करून देतो, पण त्याचं काही शुल्क आहे का ते आधी विचारून घ्या.

दुसरी उद्गम. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये सुरू केलेली. ज्या खात्यांना 10 वर्षांत कुणी हात लावला नाही त्यांचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण हक्क मालकाचा किंवा वारसाचाच राहतो. आमच्या पिढीने इतवारीत, महालात, बदलीच्या गावी जागोजागी खाती काढली आणि घरच्यांना सांगितली नाहीत. उद्गमवर एकाच ठिकाणी बऱ्याच बँकांमध्ये शोधता येतं.

---

काटोलचा_बागवाला

काका, माझ्या मोठ्या वडलांचं असंच आहे. ते गेले, पासबुक काही सापडत नाही. कोणत्या बँकेत होतं तेही नक्की माहीत नाही. उद्गमवर काय काय टाकावं लागते?

---

पेन्शनर_काका

आधी तुमच्या मोबाइल नंबरने नाव नोंदवा. मग मोठ्या वडलांचं नाव टाका आणि बँकांच्या यादीतून सगळ्या निवडा. त्यासोबत त्यांचं पॅन, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पासपोर्ट क्रमांक किंवा जन्मतारीख, यांतलं एक द्यावं लागतं. नाव वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून पाहा: आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडलांचं नाव पूर्ण, वडलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. जुन्या वह्यांतून संगणकात नावं कशीही चढली आहेत.

सापडलं तर तिथे एक क्रमांक मिळतो, तो लिहून घ्या. पैसे उद्गमवर मिळत नाहीत, ते बँकेतूनच घ्यायचे असतात. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद घेऊन त्या बँकेच्या शाखेत जायचं. काटोलमध्येच त्या बँकेची शाखा असेल तर आधी तिथे विचारा, नागपूरला येण्याची गरज कदाचित पडणार नाही.

---

काटोलचा_बागवाला

जन्मतारीख आहे त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर. काकूंना विचारून उद्या बसतो, काय निघते ते इथंच लिहितो.